घराच्या दर्शनी पायऱ्यांना कठडा : गरज, मापे आणि मजबुतीचे गणित

या पाठातून काय शिकाल

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी जमल्या पाहिजेत :

१. घराच्या दारापुढील पायऱ्यांची मापे घेऊन कठड्याची उंची, लांबी आणि खांबांच्या जागा ठरवणे.
२. हातदांडी आणि खांब यांसाठी वेगवेगळे छेद का निवडतात, हे साध्या गणिताने दाखवणे.
३. कठडा सहसा कुठे निकामी होतो आणि का, हे सांगणे.
४. गवंडी व फॅब्रिकेटर यांच्याशी बोलताना नेमके काय मागायचे, हे लिहून काढणे.

बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे. स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी नसाल, तरी गणिताचा भाग सोडू नका. तो गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही.

१. प्रस्तावना : तीनच तर पायऱ्या आहेत!

आपल्याकडे जमिनीपासून घराचे जोते किमान ४५० मिमी उंच ठेवावे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. पावसाचे पाणी, ओल आणि सरपटणारे प्राणी घरात येऊ नयेत म्हणून हे आवश्यकच आहे. १५० मिमी उंचीची एक पायरी धरली, तर ४५० मिमी चढायला तीन पायऱ्या लागतात. म्हणूनच देशभरातल्या असंख्य बैठ्या घरांपुढे दोन, तीन किंवा चार पायऱ्या दिसतात. जिन्याला कठडा करणारा माणूस या पायऱ्यांना मात्र कठडा करत नाही. ‘तीनच तर पायऱ्या आहेत’ हे उत्तर ठरलेले असते.

हा समज फक्त आपलाच आहे असे नाही. अमेरिकेतील निवासी इमारतींच्या आदर्श संहितेतही हातदांडीची सक्ती चार किंवा अधिक चढ असलेल्या पायऱ्यांनाच आहे. म्हणजे तीन पायऱ्या नियमातून सुटतात. पण नियमातून सुटलेली जागा धोक्यातून सुटलेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे दगावतात. अनवधानाने झालेल्या इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंत रस्ते अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो, आणि असे मृत्यू साठीपुढील वयात सर्वाधिक होतात. वृद्ध माणसाचे खुब्याचे हाड मोडायला उंचावरून पडावे लागत नाही. उभ्या उंचीवरून पडणेही पुरते.

आणखी एक परिणाम कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही. एकदा पाय घसरला की आजी पायऱ्या उतरायला भिते. मग संध्याकाळी देवळात जाणे थांबते, शेजारी जाऊन बसणे थांबते आणि हळूहळू घराचा उंबरा हीच तिची सीमा होते. तीन पायऱ्यांचा कठडा पडण्यापासून वाचवतोच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो माणसाला बाहेर पडण्याचा धीर देतो. सार्वजनिक इमारती सुगम असाव्यात यासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आहे. खासगी घराच्या पायऱ्यांची काळजी घरच्यांनाच घ्यावी लागते.

२. माणूस नेमका कुठे आणि कसा पडतो?

कठड्याची रचना ठरवण्याआधी आपल्या दारापुढे काय काय घडते, ते पाहा.

*उतरताना.* चढताना तोल गेला तर हात समोरच्या पायरीवर टेकतात. उतरताना तोल गेला तर समोर काहीच नसते. म्हणून कठड्याचा विचार नेहमी उतरणाऱ्या माणसाच्या बाजूने करा.

*एका पायावर उभे राहताना.* ही खास आपल्याकडची गोष्ट. आपण चपला पायरीपाशी काढतो आणि घालतो. त्या क्षणी माणूस एका पायावर असतो, नजर खाली असते आणि कधी हातात पिशवीही असते. पाश्चात्त्य मापपुस्तकांत हा प्रसंग गृहीत धरलेला नसतो. म्हणून चपला जिथे काढल्या जातात तिथपर्यंत कठडा पोहोचला पाहिजे, हे सूत्र लक्षात ठेवा.

*पायऱ्या ओल्या असताना.* पॉलिश केलेली कोटा फरशी, ग्रॅनाइट किंवा गुळगुळीत टाइल पावसात निसरडी होते. कठडा हा घसरड्या फरशीवरचा उपाय नव्हे. आधी पायरीच्या कडेला खाचा पाडून घ्या किंवा खरखरीत पट्टी लावा, मग कठडा.

*पायऱ्या असमान असताना.* पहिल्या दोन पायऱ्या १५० मिमी आणि तिसरी १९० मिमी असेल, तर पाय फसतो. पायाला आधीच्या पायरीची सवय झालेली असते. अंगणात नवी फरशी टाकली की सर्वांत खालची पायरी आपोआप बुटकी होते. हा दोष फार घरांत आढळतो.

३. आधी पायऱ्या मोजा

पायरीची दोन मापे महत्त्वाची असतात : रायझर म्हणजे पायरीची उंची आणि ट्रेड म्हणजे पाऊल ठेवायची रुंदी. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निवासी इमारतीत रायझर १९० मिमीपेक्षा जास्त आणि ट्रेड २५० मिमीपेक्षा कमी नसावा. या दोन्हींचा मेळ तपासण्यासाठी सतराव्या शतकातील फ्रेंच वास्तुविशारद फ्रांस्वा ब्लाँदेल याच्या नावाने ओळखला जाणारा नियम आजही वापरतात :

२ × रायझर + ट्रेड = सुमारे ६०० ते ६५० मिमी

हे माप माणसाच्या एका सहज पावलाएवढे आहे. आपल्या उदाहरणात रायझर १५० मिमी आणि ट्रेड ३०० मिमी धरू. २ × १५० + ३०० = ६००. पायऱ्या ठीक आहेत.

मोजताना प्रत्येक पायरी स्वतंत्र मोजा. ‘एक मोजली, बाकीच्या तेवढ्याच असणार’ असे धरू नका. दोन पायऱ्यांत डोळ्याला दिसेल इतका फरक असेल, तर कठड्याआधी गवंड्याला बोलवा.

४. कठड्याची मापे

*उंची.* हातदांडीची उंची पायरीच्या पुढच्या कडेपासून सरळ वर मोजतात. वेगवेगळ्या संहितांत ती साधारण ९०० ते १००० मिमी असते. घरातल्या वृद्ध माणसासाठी ९०० मिमी सोयीची पडते. खात्री करण्यासाठी त्यांना पायरीवर उभे करून एक काठी आडवी धरा. काठी पकडल्यावर कोपर किंचित वाकलेले हवे, खांदा उचललेला नको.

*जाडी.* सुगमतेविषयीच्या भारतीय मार्गदर्शक तत्त्वांत हातदांडीचा व्यास ३८ ते ४५ मिमी सांगितला आहे. एवढ्या जाडीभोवती बोटे वळून अंगठ्याला भिडतात. रुंद चपटी पट्टी किंवा चौकोनी मोठा पाइप हात ठेवायला बरा वाटतो, पण तोल जाताना त्याला घट्ट पकडता येत नाही. ठेवण्याची दांडी वेगळी आणि पकडण्याची दांडी वेगळी. आपल्याला दुसरी हवी आहे.

*भिंतीपासून अंतर.* एका बाजूला भिंत असेल, तर दांडी आणि भिंत यांत किमान ५० मिमी मोकळी जागा ठेवा. नाही तर बोटे सोलतात आणि माणूस दांडी पकडणेच सोडून देतो.

*लांबी.* दांडी पहिल्या पायरीच्या आधी आणि शेवटच्या पायरीनंतरही किमान ३०० मिमी पुढे गेली पाहिजे. पाय सपाट जमिनीवर असतानाच हाताला आधार मिळाला पाहिजे, एवढेच यामागचे कारण आहे. टोके खाली किंवा भिंतीकडे वळवा. उघड्या टोकात साडीचा पदर, ओढणी किंवा पिशवीचा बंद अडकतो.

*मधली जागा.* घरात लहान मूल असेल, तर उभ्या गजांमध्ये १०० मिमीपेक्षा जास्त फट ठेवू नका. डोके अडकू नये म्हणून अनेक देशांच्या संहितांत हेच माप आहे. आडवे गज मुलांना शिडीसारखे वाटतात, म्हणून उभे गज बरे.

*कोणती बाजू?* जागा असेल तर दोन्ही बाजू. पक्षाघातानंतर एक हात कमजोर झालेल्या माणसाला चढताना एक बाजू लागते आणि उतरताना दुसरी. एकच बाजू करायची असेल, तर उतरताना त्या माणसाचा भक्कम हात कोणत्या बाजूला येतो, ते पाहून ठरवा.

आता आपल्या उदाहरणाची लांबी काढू. जमीन, पहिली पायरी, दुसरी पायरी आणि ओटा, असे तीन चढ आहेत. ओट्याच्या कडेपासून पहिल्या पायरीच्या कडेपर्यंतचे आडवे अंतर ६०० मिमी. त्याच उताराने दांडी आणखी ३०० मिमी पुढे नेली, तर ती जमिनीपासून बरोबर ९०० मिमी उंचीवर येते. म्हणजे तिरप्या भागाचे आडवे अंतर ९०० मिमी आणि उभे अंतर ४५० मिमी. पायथागोरसच्या प्रमेयानुसार तिरपी लांबी सुमारे १००६ मिमी होते. ओट्यावरचा आडवा भाग ३०० मिमी मिळवला की एकूण दांडी सुमारे १.३ मीटर. एक खांब ओट्यावर आणि एक खाली अंगणात.

५. किती जोर धरायचा?

भारतीय मानक आयएस ८७५ (भाग २) नुसार खासगी घरातील जिना किंवा सज्जाच्या कठड्यावर दांडीच्या पातळीला आडवा भार ०.३५ किलोन्यूटन प्रति मीटर धरतात. इतर इमारतींच्या जिन्यांसाठी हाच आकडा ०.७५ आहे आणि जिथे गर्दी जमते अशा ठिकाणी २.२५.

आपल्या १.३ मीटर दांडीवर ०.३५ × १.३ = ०.४६ किलोन्यूटन एवढाच भार येतो. पण ७० किलो वजनाच्या माणसाचे स्वतःचे वजनच सुमारे ०.६९ किलोन्यूटन असते, आणि पडणारा माणूस दांडी हळुवार धरत नाही, हिसका देतो. म्हणून इतक्या आखूड कठड्यासाठी एका खांबाच्या माथ्यावर ०.९ किलोन्यूटन आडवा जोर धरणे शहाणपणाचे. अमेरिकी संहितेतील २०० पौंडांचा भारही जवळजवळ एवढाच आहे.

६. सोडवलेले उदाहरण

*प्रश्न :* ९०० मिमी उंच खांबाच्या माथ्यावर ०.९ किलोन्यूटन आडवा जोर आहे. (अ) खांबासाठी ४२.४ मिमी व्यासाचा, ३.२ मिमी जाडीचा गोल पाइप चालेल का? (आ) ५० × ५० × ३ मिमी चौकोनी पाइप चालेल का? (इ) बेसप्लेटच्या बोल्टवर किती ओढ येईल?

*बुडाशी बेंडिंग मोमेंट :*
०.९ × ०.९ = ०.८१ किलोन्यूटन-मीटर, म्हणजे ८,१०,००० न्यूटन-मिमी.

*(अ) गोल पाइप.* सेक्शन मॉड्युलस सुमारे ३,५९० घन मिमी.
स्ट्रेस = ८,१०,००० ÷ ३,५९० = सुमारे २२५ न्यूटन प्रति चौ. मिमी.
साध्या प्रतीच्या पाइपच्या पोलादाची यील्ड मर्यादा २१० आहे. म्हणजे हा खांब वाकेल आणि वाकलेलाच राहील. चालणार नाही.

*(आ) चौकोनी पाइप.* सेक्शन मॉड्युलस सुमारे ८,३४० घन मिमी.
स्ट्रेस = ८,१०,००० ÷ ८,३४० = सुमारे ९७ न्यूटन प्रति चौ. मिमी.
मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. चालेल. माथा किती सरकेल तेही काढता येते : सुमारे ५ मिमी. गोल पाइप, यील्डचा विचार बाजूला ठेवला तरी, १४ मिमी सरकला असता. डुगडुगणाऱ्या दांडीवर वृद्ध माणूस विश्वास ठेवत नाही, म्हणून हा फरकही मोलाचा आहे.

यातून निष्कर्ष असा : गोल ४२.४ मिमी पाइप हातदांडीला योग्य, कारण तो मुठीत मावतो. खांबाला मात्र चौकोनी ५० मिमी हवा, कारण तिथे मूठ नाही, मोमेंट आहे. दोन्हीकडे एकच पाइप वापरण्याचा मोह टाळा.

*(इ) बोल्ट.* बेसप्लेट १५० × १५० मिमी, चार बोल्ट, दोन रांगांतील अंतर १०० मिमी. सुरक्षित बाजूने विचार करून हेच अंतर तरफेचा भुज म्हणून धरू.
ओढ = ०.८१ ÷ ०.१ = ८.१ किलोन्यूटन, दोन बोल्टवर मिळून. प्रत्येकी सुमारे ४ किलोन्यूटन.

इथे थांबून पाहा. हाताने दिलेला जोर ०.९, पण बोल्टवरची ओढ ८.१. म्हणजे नऊपट! ९०० मिमीचा खांब ही १०० मिमी भुजाची तरफ झाली आहे. प्रत्येक बोल्ट सुमारे ४०० किलो वजन टांगल्याएवढ्या ओढीने वर खेचला जातो. टाइल आणि तिच्याखालचा सिमेंटचा थर यांत बसवलेला लाकडी गुल्ला-स्क्रू ही ओढ कशी सोसणार? कठडे मोडत नाहीत, ते बुडाशी उपटले जातात, ते याच कारणाने.

७. बुडाची पकड

पायऱ्या कशाच्या बनल्या आहेत, त्यावर पद्धत ठरते.

*काँक्रीटच्या पायऱ्या.* अँकर बोल्ट चालतात. बोल्टची खोली काँक्रीटमध्ये शिरलेल्या भागापासूनच मोजा. वरची टाइल आणि मसाला त्यात धरू नका. बोल्ट उपटतो तेव्हा काँक्रीटचा शंकूसारखा तुकडा घेऊन येतो. कडेजवळच्या बोल्टला हा शंकू पुरा मिळत नाही, म्हणून कडेपासूनचे किमान अंतर बोल्टच्या तक्त्यात पाहून पाळा. रासायनिक अँकर वापरत असाल, तर छिद्रातली धूळ ब्रशने आणि फुंकून पूर्ण काढा. धुळीला चिकटलेला रेझिन काँक्रीटला चिकटत नाही.

*विटांच्या पायऱ्या.* आपल्याकडे बहुतेक जुन्या घरांत याच असतात : विटा, आत भराव, वर फरशी. फरशीवर हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर तिथे बोल्ट नको. अशा वेळी खांब पायरीच्या बाजूला जमिनीत काँक्रीटच्या ठोकळ्यात रोवा.

ठोकळा केवढा हवा? ३०० × ३०० × ४५० मिमी ठोकळ्याचे वजन सुमारे ०.९७ किलोन्यूटन. कडेभोवती त्याचा विरोध ०.९७ × ०.१५ = ०.१५ किलोन्यूटन-मीटर. पण ठोकळ्याच्या तळाशी उलथवणारा मोमेंट ०.९ × (०.९ + ०.४५) = १.२२ किलोन्यूटन-मीटर. म्हणजे वजन फक्त आठव्या हिश्शाएवढे काम करते. उरलेले काम भोवतालची माती करते. म्हणून खड्डा ठोकळ्याएवढाच खणा, काँक्रीट थेट न हललेल्या मातीला भिडवून ओता आणि बाजूला सैल भराव सोडू नका. माती भुसभुशीत असेल किंवा काळी असेल, जी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तर ठोकळा अधिक खोल न्या किंवा खांब आडव्या पट्टीने पायरीच्या भक्कम भागाला जोडा. ठोकळ्याचे काम गवंड्याला दाखवून, शक्य असल्यास अभियंत्याला विचारून ठरवा.

८. साहित्य आणि हवामान

साधे लोखंड स्वस्त पडते, पण रंग उडाला की गंजते. गंज बाहेरून दिसतो तेव्हा पोकळ खांबाच्या आत तो आधीच पोहोचलेला असतो. वरचे टोक झाकणाने बंद करा आणि बुडाशी पाणी निघायला लहान छिद्र ठेवा. बेसप्लेटभोवती मसाल्याला बाहेरच्या बाजूने उतार द्या.

जस्ताचा मुलामा दिलेला पाइप अधिक टिकतो, पण वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जाते. त्या जागी जस्तयुक्त रंग लावून घ्या. जळत्या जस्ताचा धूर घातक असतो, म्हणून हे वेल्डिंग उघड्यावरच व्हावे.

कोकण, गोवा, केरळ किंवा चेन्नईसारख्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेतील क्लोराइडमुळे ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीललाही डाग व खड्डे पडतात. तिथे ३१६ प्रत मागा. विदर्भ, राजस्थान, तेलंगणासारख्या कडक उन्हाच्या भागात अडचण निराळी : दुपारी दांडीला हात लावता येत नाही. तिथे सागवानी दांडी किंवा पाइपवर आवरण उपयोगी पडते.

किमतीचा अंदाज कसा काढायचा? लोखंडी कामाचा भाव बहुधा किलोवर सांगतात. ५० × ५० × ३ पाइप मीटरला सुमारे ४.४ किलो, ४२.४ मिमी गोल पाइप सुमारे ३.१ किलो. ठोकळ्यातल्या भागासह खांब मिळून २.२५ मीटर, दांडी १.३ मीटर. एकूण सुमारे १४ किलो. गज आणि प्लेटा वेगळ्या. हा हिशोब हातात असेल, तर भाव ऐकताना तुम्ही गोंधळणार नाही.

९. नेहमीच्या चुका

- दांडी ओट्याच्या कडेलाच संपवणे. सर्वांत जास्त गरज तिथेच असते.
- काँक्रीट ओतल्यावर दुसऱ्याच दिवशी कठड्याला टेकणे. किमान आठवडाभर पाणी मारा आणि तोवर तो दोरीने अडवून ठेवा.
- वेल्डिंगची धार न घासणे. हात कापला की कोणी दांडी धरत नाही.
- कठडा सार्वजनिक पदपथावर किंवा सोसायटीच्या सामाईक जागेत नेणे. आधी परवानगी घ्या.
- कठड्याला कुंड्या, ओले कपडे, सायकलची साखळी अडकवणे. पकडायची जागा मोकळी हवी.

काम झाल्यावर चाचणी घ्या. दांडीच्या माथ्याशी पट्टी धरा, एका प्रौढ माणसाला हळूहळू जोर वाढवत बाहेरच्या बाजूला ढकलायला सांगा आणि बुडाकडे पाहा. प्लेट उचलली गेली, बारीक भेग दिसली किंवा जोर काढल्यावर माथा मूळ जागी आला नाही, तर काम परत करून घ्या. पावसाळ्याआधी दरवर्षी ही चाचणी पुन्हा घ्या.

सारांश

तीन पायऱ्यांचा कठडा छोटे काम असले, तरी त्यात तरफ, मोमेंट, पदार्थांची ताकद आणि माणसाच्या शरीराची मापे एकत्र येतात. दांडी मुठीत मावणारी, खांब मोमेंट सोसणारा आणि बुड उपटले न जाणारे : या तीन अटी पाळल्या की कठडा भरवशाचा होतो. तीनपैकी तिसरी अट डोळ्याला दिसत नाही, म्हणून तीच सर्वांत जास्त मोडली जाते.

स्वाध्याय

१. दांडी १००० मिमी उंच आणि बोल्टच्या रांगांतील अंतर ८० मिमी असेल, तर ०.९ किलोन्यूटन जोराने बोल्टवर एकूण किती ओढ येईल? (उत्तर : ११.२५ किलोन्यूटन)
२. रायझर १७५ मिमी आणि ट्रेड २८० मिमी असलेल्या पायऱ्या ब्लाँदेलच्या नियमात बसतात का?
३. तुमच्या घराच्या किंवा वसतिगृहाच्या दारापुढील प्रत्येक पायरी मोजा. सर्वांत मोठा फरक किती आणि तो कशामुळे झाला असावा?
४. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला पायऱ्या उतरताना पाहा. त्यांचा हात आधारासाठी कुठे जातो, ते टिपा. कठड्याचा पहिला आराखडा तिथूनच सुरू करा.